स्ट्रँड लेनमधील ‘रोमन’ हौदाबाबत खुलासा

लंडनच्या स्ट्रँड लेनमध्ये, रस्त्याच्या पातळीखाली असलेला आणि खिडकीतून डोकावून पाहता येणारा विटांचा हौद हे रोमन स्नानगृह आहे, असे एकोणिसाव्या शतकापासून सांगितले जात आले आहे. ते खरे नाही. राजा पहिला जेम्स याची पत्नी अ‍ॅन हिच्या सॉमरसेट हाउस या राजवाड्याच्या बागेतील कारंज्याला पाणी पुरवण्यासाठी १६१२ मध्ये बांधलेल्या टाकीचा तो अवशेष असून, अठराव्या शतकात त्याचे थंड पाण्याचे स्नानगृह करण्यात आले. ‘रोमन’ हे बिरुद त्याला त्यानंतर चिकटले.

खरे रोमन स्नानगृह पाहायचे असेल, तर लोअर टेम्स स्ट्रीटवरील इमारतीच्या तळघरात उतरावे. कोल एक्स्चेंज या कोळसा बाजाराच्या इमारतीच्या बांधकामावेळी, १८४८ मध्ये, ते सापडले. तिथे चौकोनी विटांच्या एकावर एक रचलेल्या बुटक्या खांबांवर जमीन उचलून धरलेली दिसते. भट्टीतली गरम हवा या खांबांमधून फिरे आणि वरची फरशी तापे. स्ट्रँड लेनच्या हौदात अशी रचना नाही, आणि माझ्या मते पाहणाऱ्याने आधी हाच फरक डोळ्यांत भरून घ्यावा. लोअर टेम्स स्ट्रीटचे अवशेष मात्र ठरावीक दिवशी, मार्गदर्शकासोबतच पाहता येतात.