‘सेट’चा पहिला नंबर कधीच गेला

इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा शब्द ‘सेट’, असं सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अजूनही छापतात. १९८९ च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीपुरतं ते खरं होतं. तिथे या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढे सुधारित नोंदी होत गेल्या आणि २०११ मध्ये ‘रन’ पुढे गेला. नाक गळणं, कपड्याचा रंग जाणं, दुकान चालवणं, निवडणुकीला उभं राहणं... एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! कोशकार पीटर गिलिव्हर त्यावर नऊ महिने राबले. मुलांना जुनं उत्तर पाठ करायला लावू नका.

अर्थात, आकडा मोजणाऱ्यावरही अवलंबून असतो. आपलं ‘लागणे’ घ्या: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. यातले वेगळे अर्थ किती धरायचे, हे कोशकारच ठरवतो.