शहरातल्या बागा आणि ट्रेल्सचा पैसा आला कुठून: थोडी पार्श्वभूमी

बागेवर किंवा चालायच्या ट्रेलवर सरकारी पैसा खर्च करायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, आधी रस्ते आणि गटारं नीट करा, बागांचं मग बघू. त्यात चूक काही नाही, रस्ते हवेतच. पण त्यातून असं वाटतं की बाग म्हणजे वरून कोणीतरी हौसेने दिलेली वस्तू, आणि इतिहास बघितला तर बऱ्याचदा उलटं दिसतं. लोकांनी आधी मागितलं, सह्या केल्या, काही ठिकाणी तर स्वतःहून टॅक्स वाढवून घेतला, मग पार्क झालं.

सुरुवात इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या शहरांपासून करू. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने रिपोर्ट दिला की शहरं भराभर वाढली पण कामगारांना सुट्टीच्या दिवशी मोकळ्यावर चार पावलं चालायलाही जागा उरलेली नाही. जुनी मोठी उद्यानं होती ती राजाची नाहीतर जमीनदारांची. मग १८४० मध्ये डर्बी शहरात जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने लोकांसाठी बाग दान दिली, भली मोठी गोष्ट होती ती, पण रोजचा खर्च कोण करणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होताच, त्यामुळे आठवड्यातले दोनच दिवस फुकट आणि बाकीचे दिवस तिकीट. पूर्ण मोफत व्हायला १८८२ उजाडलं! म्हणजे दान देणारा भेटला तरी झाडू मारणाऱ्याचा आणि माळ्याचा पगार कुठून तरी यावाच लागतो, हा मुद्दा पुढे सारखा सारखा येणार आहे.

त्याच सुमाराला पूर्व लंडनमध्ये लोकांनी वेगळा रस्ता धरला. विल्यम फार नावाचे आकडेवारीतले जाणकार, त्यांनी १८३९ च्या रिपोर्टमध्ये लिहिलं की या दाटीवाटीच्या भागात पार्क झालं तर मृत्यू कमी होतील. मग १८४० मध्ये सुमारे ३०,००० सह्यांचा अर्ज थेट राणी व्हिक्टोरियाकडे गेला आणि १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क लोकांना खुलं झालं. ३०,००० सह्या, त्या काळात, घरोघरी कागद फिरवून! त्यातल्या बहुतेकांना मतदानाचा हक्कही नव्हता हे लक्षात घेतलं की त्या कागदाचं वजन कळतं.

पण सरळ सार्वजनिक पैशातून पार्क उभं करायचा पहिला मान साधारणपणे लिव्हरपूलच्या समोरच्या काठावरच्या बर्कनहेडला दिला जातो. १८४३ मध्ये तिथल्या शहर कारभाऱ्यांनी संसदेकडून कायदा करून घेतला, दलदलीची जमीन घेतली, मधे पार्क आखलं आणि कडेचे प्लॉट घरांसाठी विकून खर्च वसूल करायचं ठरवलं. डिझाइन जोसेफ पॅक्स्टन या बागा आखणाऱ्याचं, उद्घाटन १८४७. बागेमुळे आजूबाजूच्या जमिनीची किंमत वाढते हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

आणि इथेच माझा सगळ्यात आवडता प्रसंग घडला. १८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचा एक अमेरिकन शेतकरी फिरत फिरत बर्कनहेडला आला, एका बेकरीत पाव घेतले, तर बेकरीवाला त्याच्या मागेच लागला की आमचं नवीन पार्क बघितल्याशिवाय जाऊ नका. तो गेला आणि थक्क झाला, कारण गरिबातला गरीब माणूस तिथे राणीइतक्याच हक्काने फिरत होता आणि असं काही लोकशाहीवाल्या अमेरिकेत नव्हतं. आठ वर्षांनी याच ओल्मस्टेडने कॅल्व्हर्ट वॉक्स या वास्तुकाराबरोबर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली. बेकरीवाल्याचा त्या पार्कशी धंद्याचा काही संबंध नव्हता, पण आमचं पार्क म्हणून तो परक्या माणसाला आग्रह करत होता, आणि लोकांचा पाठिंबा म्हणतात तो मला तरी या आग्रहात जितका दिसतो तितका कुठल्या ठरावात दिसत नाही.

सेंट्रल पार्कची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. १८५३ मध्ये कायद्याने जमीन ताब्यात घेतली गेली तेव्हा तिथे सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांची, स्वतःची घरं, चर्च, शाळा असलेली, साधारण २२५ लोकांची. १८५७ पर्यंत त्यांना उठवलं गेलं, सगळ्या जागेवरून मिळून सुमारे १,६०० जण. मोबदला दिला पण वस्ती कायमची संपली. लोकांना हवंय असं म्हणताना कोणत्या लोकांना विचारलं, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक पार्कला चिकटलेला आहे आणि तो चिकटलेलाच बरा.

पुढे मागणीला मतपेटीची जोड मिळाली. १८८३ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या मतदारांनी पार्कांसाठी वेगळं बोर्ड मंजूर केलं, ज्याला स्वतःचा टॅक्स लावता येतो, त्यामुळे दरवर्षी सिटी कौन्सिलच्या दारात हात पसरून उभं राहावं लागत नाही. आणि १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या लोकांनी मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवर ०.४ टक्के सेल्स टॅक्स लावून घेतला. मोकळ्या जागेसाठी मतदान करून असा टॅक्स लावून घेणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर.

ट्रेल्सची गोष्ट वेगळी आहे आणि ती सुरू होते एका पत्राने. शिकागोजवळची एक इलेक्ट्रिक रेल्वे १९५७ मध्ये प्रवाशांसाठी बंद पडली, दोन वर्षांनी मालगाड्याही थांबल्या आणि पट्टा ओसाड पडला. मे थीलगार्ड वॉट्स नावाच्या निसर्ग शिकवणाऱ्या बाई, वय तेव्हा सत्तर, त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहिलं की बुलडोझर यायच्या आत या पट्ट्याची पायवाट करा. त्यातून स्वयंसेवक जमले, आणि इलिनॉय प्रेअरी पाथ झाला, जो आज साधारण १०० किलोमीटरचा आहे. १९६७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा जुन्या रेल्वेचा ट्रेलही सुरू झाला, तीन बोगद्यांसकट.

रेल्वेचा पट्टाच का, तर ट्रेनला मोठा चढ जमत नाही, म्हणून चढ हळू आणि वळणं मोठी. नेमकं हेच व्हीलचेअरला, सायकल शिकणाऱ्या पोराला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला हवं असतं. अडचण होती जमिनीची, कारण बऱ्याच ठिकाणी रेल्वेकडे मालकी नव्हतीच, फक्त रूळ टाकण्यापुरता हक्क होता, आणि लाइन कायमची बंद झाली की तो हक्क संपून जमीन शेजारच्या मालकाकडे जायची आणि पट्ट्याचे तुकडे पडायचे. १९८३ मध्ये अमेरिकेत कायदा बदलला, आता लाइन बंद न धरता राखून ठेवलेली धरायची, तोपर्यंत लोक चालतील, उद्या लागली तर रेल्वे परत येऊ शकते. जमीनमालक कोर्टात गेले, १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा टिकवला पण नुकसानभरपाई मागायचा त्यांचा रस्ताही उघडा ठेवला, आणि मला ते योग्य वाटतं.

आता परत माळ्याच्या पगाराकडे. पार्क उभं करायला उत्साह असतो, रिबन कापायला सगळे येतात, तुटलेल्या नळाला मात्र कोणी वाली नसतो. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं आणि सेंट्रल पार्कची रया गेली, हिरवळीची माती उरली. १९८० मध्ये नागरिकांनी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था काढली, देणग्या जमवल्या आणि पार्क सावरलं. पण श्रीमंत वस्तीतल्या पार्कला देणगीदार मिळतात, गरीब वस्तीतल्या पार्कला कोण देणार, म्हणून देणगी ही टॅक्सच्या जागी येऊ शकत नाही असं मला ठामपणे वाटतं. इंग्लंडमध्ये तर, जिथे हे सगळं सुरू झालं, बागा सांभाळणं स्थानिक कौन्सिलवर आजही कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे बजेट आवळलं की पहिली कात्री तिथेच लागते.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने देखभालीच्या या प्रश्नावर बरीच वर्षं ठरावीक मुदतीचा टॅक्स वापरून बघितला, मुदत संपली की पुन्हा प्रचार, पुन्हा मतदान. शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये मतदारांनी पार्कांसाठी कायमचा टॅक्स डिस्ट्रिक्ट, म्हणजे फक्त पार्कांसाठी टॅक्स गोळा करणारी वेगळी यंत्रणा, मंजूर केला आणि पहिल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा वाटा नव्या बागांना नाही तर रखडलेल्या दुरुस्त्यांना ठेवला.