विमान कंपन्यांच्या सोयरिकी आणि परदेशचं तिकीट

नाशिकहून परदेशी जाणारा प्रवासी बहुतेक वेळा कसारा घाट उतरून मुंबई गाठतो. कधी नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जातो. त्याच्या दृष्टीने देशात विमान कंपन्या किती, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. मुंबई–लंडन, मुंबई–सिंगापूर अशा एकेका जोडीवर विमानं कोण चालवतं आणि त्यातलं कोण कुणाशी बांधलेलं आहे, यावर भाडं ठरतं.

याची मुळं 1944 च्या शिकागो करारात आहेत. आपल्या आकाशावर सत्ता त्या त्या देशाची, हे तिथे मान्य झालं. मग कुणाच्या कंपनीने कोणत्या शहरात आठवड्याला किती जागा न्यायच्या, हे दोन सरकारं बसून ठरवू लागली. वर कंपनीची मालकी बहुतांशी स्वदेशी हवी, ही अट. परदेशी कंपनी सरळ विकत घेता येईना, तेव्हा युतीची वाट निघाली. 1992 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्सने खुल्या आकाशाचा, म्हणजे एकमेकांच्या कंपन्यांवरची जागांची मर्यादा उठवणारा करार केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेची नॉर्थवेस्ट आणि नेदरलँड्सची केएलएम यांना मिळून दर ठरवण्यासाठी अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली. 1997 साली स्टार अलायन्स ही अनेक कंपन्यांची युती आली, पाठोपाठ तशाच वनवर्ल्ड आणि स्कायटीम.

युती सरसकट वाईट नसते. फ्रँकफर्टला विमान बदलून अमेरिकेतल्या लहान गावी जायचं, तर दोन सुट्या कंपन्या आपापल्या टप्प्यावर आपापला नफा लावतात. दर एकत्र ठरले की एक थर कमी होतो आणि तिकीट उतरू शकतं. पण ज्या थेट मार्गावर त्याच दोघी एकमेकींच्या ग्राहकांवर टपलेल्या असतात, तिथे हातमिळवणी झाली की भाडं चढायला मोकळं रान.

आपल्याकडे 2013 मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेट एअरवेजचा 24 टक्के हिस्सा घेतला. त्याच सुमारास भारत–अबू धाबी मार्गांवरचा कोटा, म्हणजे दोन सरकारांनी ठरवलेली जागांची मर्यादा, टप्प्याटप्प्याने आठवड्याला सुमारे 50 हजार जागांवर नेण्याचं ठरलं. स्पर्धा आयोगाने मंजुरी दिली, ती एका सदस्याचा विरोध नोंदवून. लंडनच्या हिथ्रो विमानतळावरचे जेटचे तीन स्लॉटही (विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरलेल्या वेळा) एतिहादने विकत घेतले होते. एप्रिल 2019 मध्ये जेट बंद पडली. हिथ्रोसारख्या भरलेल्या विमानतळावर स्लॉट मिळाल्याशिवाय नवी कंपनी रिकामी जागा भरू शकत नाही, आणि कोटा संपला असेल तर इतरत्रही नाही.

12 नोव्हेंबर 2024 ला टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा टाटांच्याच एअर इंडियात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचा 25.1 टक्के हिस्सा आला. सिंगापूरहून मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि तिरुचिरापल्ली या चार मार्गांवर कोविडपूर्व पातळीइतक्या जागा ठेवण्याची हमी तिथल्या स्पर्धा आयोगाने घेतली. तपासणीला स्वतंत्र लेखापरीक्षक. अट जागांवर घातली हे शहाणपणाचं. भाडं दिवसातून अनेकदा हलतं, जागा मात्र मोजता येतात.

तिकीट शोधताना एकच विमान दोन-तीन कंपन्यांच्या क्रमांकांनी दिसतं, ते कोडशेअरमुळे, म्हणजे एकीच्या विमानाची तिकिटं दुसरीही आपल्या क्रमांकाने विकते म्हणून. सुटण्याची वेळ आणि 'ऑपरेटेड बाय' पुढचं नाव सारखं असेल, तर पर्याय एकच समजा. ओझर–दिल्लीचं तिकीट वेगळं काढलं आणि ते विमान रखडलं, तर पुढची कंपनी तुम्हाला 'नो-शो', म्हणजे न आलेला प्रवासी, धरून मोकळी होते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर चुकलेल्या विमानाऐवजी दुसऱ्यात बसवणं कंपनीच्या गळ्यात पडतं.