एका आकड्यावर मूल प्रतिभावान ठरत नाही

'बुद्ध्यांक 130 आला तर मूल प्रतिभावान, 129 आला तर नाही' हा समज पालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

चाचणीची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) 15 धरले, की 130च्या वर साधारण 2 टक्के मुले येतात. म्हणजे ही सोयीसाठी आखलेली रेघ. तेच मूल पुन्हा चाचणीला बसले तर गुण चार-पाचने सहज इकडेतिकडे होतात; अपुरी झोप किंवा अनोळखी भाषा तेवढ्याला पुरते. म्हणूनच अनेक शाळा मुलाचे प्रत्यक्ष काम आणि शिक्षकांची निरीक्षणेही पाहतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात, बुद्ध्यांकावरून निवडलेल्या बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ त्या निवडीत बसले नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, 1956 आणि 1968 मध्ये!

'मग शिक्षकच ओळखतील की' हेही अपुरे आहे. शांत, नीटनेटके, भाषा सफाईने बोलणारे मूल आधी नजरेत भरते. प्रश्नांनी भंडावणारे किंवा कंटाळून खिडकीबाहेर बघणारे मूल राहून जाते, आणि मला याचेच जास्त वाईट वाटते. अमेरिकेत फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने 2005 मध्ये दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी चाचणी सुरू केली. प्रतिभावान म्हणून गरीब घरांतल्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वंशाच्या) मुलांची निवड लक्षणीय वाढली. अशी मुले वर्गात आधीही होतीच. त्यांचे नाव कोणी सुचवले नव्हते.