अपडेटनंतर हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज का बदलतं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो, सिटी ई-एचईव्ही अशा स्ट्राँग हायब्रिड गाड्या, म्हणजे इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या गाड्या, वापरणाऱ्यांसाठी आमच्या गॅरेजनं हे पत्रक काढलं आहे. अपडेट म्हणजे गाडीतल्या संगणकात टाकलेला नवा प्रोग्रॅम. "शोरूमला सर्व्हिसिंगला सोडली, त्यांनी अपडेट मारलं, तेव्हापासून गाडी ॲव्हरेज देईना," ही तक्रार आता वरचेवर ऐकू येते. कधी ती अगदी खरी असते. पुष्कळदा मात्र कारण दुसरंच असतं आणि खापर अपडेटवर फुटतं. आमचं सांगणं एवढंच आहे की अपडेट नाकारू नका, त्याची नोंद ठेवा, आणि ॲव्हरेज स्क्रीनवर न बघता पंपावर मोजा.

इंजिन कधी उठणार, हे कोण ठरवतं?

साध्या पेट्रोल गाडीत तुम्ही पाय दाबला की इंजिन ऐकतं. हायब्रिडमध्ये तुमचा पाय म्हणजे नुसता अर्ज, मंजुरी कंट्रोल युनिटमधलं, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकातलं, सॉफ्टवेअर देतं. बॅटरीत चार्ज किती आहे, इंजिन आणि सायलेन्सरमधलं धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलंय का, एसीला किती वीज लागतेय, गाडी चढाला लागलीय का, हे सगळं बघून ते ठरवतं की आत्ता मोटरवर चालायचं की इंजिन सुरू करायचं. दसरा चौकातून ताराराणी चौकाकडं सकाळच्या गर्दीत जाताना हा निर्णय कितीतरी वेळा होतो. समजा, बॅटरी ४५ टक्क्यांवर आल्यावर उठणारं इंजिन नव्या प्रोग्रॅममध्ये ५० टक्क्यांवर उठायला लागलं, तर गाडीचा एक नटही न बदलता तुमच्या शहरातल्या ॲव्हरेजमध्ये फरक पडेल. त्यामुळं "सॉफ्टवेअरनं काय होतंय?" असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही.

याचं उघड उदाहरण अमेरिकेत घडलं. फोर्डच्या २०१३ च्या सी-मॅक्स हायब्रिडचं ॲव्हरेज लेबलवरच्या आकड्याला पोचत नाही, अशा तक्रारी आल्या. कंपनीनं त्याच वर्षी सी-मॅक्स आणि इतर हायब्रिड गाड्यांना सुधारित सॉफ्टवेअर दिलं. आधी ताशी १०० किलोमीटरच्या पुढं गाडी नुसत्या विजेवर चालत नव्हती, ती मर्यादा साधारण १३७ वर नेली. थंड इंजिन तापवण्यात जाणारा वेळ निम्म्यापर्यंत कमी केला, एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा पंखा गरजेपुरताच चालेल असं केलं. तरीही लेबलवरचा आकडा खाली आणावाच लागला. आपल्या हिशेबात तो लिटरला जवळपास २० किलोमीटर होता, तो सव्वाअठरावर आला. अपडेटनं ॲव्हरेज वाढवता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे, हे यातून कळतं.

ॲव्हरेजसाठी नसलेली अपडेट

बहुतेक अपडेट ॲव्हरेजसाठी नसतातच. २०१४ च्या फेब्रुवारीत टोयोटानं जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. त्या गाडीत बॅटरीचं २०० व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज बूस्टर नावाच्या भागातून ६५० व्होल्टपर्यंत चढवलं जातं. जोरात पिकअप घेताना बूस्टरमधले ट्रान्झिस्टर जास्त तापून निकामी होण्याचा, आणि क्वचित गाडी चालता चालता बंद पडण्याचा धोका होता. इलाज होता नवं सॉफ्टवेअर. असं सुरक्षेचं अपडेट आलं तर लिटरमागं किलोमीटर कमी होईल का, हा विचारच करू नका. किणी टोलनाक्याजवळ मागून भरलेला ट्रक येत असताना गाडीची ताकद गेली, तर वाचवलेलं पेट्रोल काय कामाचं?

आणि स्क्रीनवरचा नकाशा, गाणी, फोनची जोडणी यांचं अपडेट असेल तर त्याचा पेट्रोलशी काही संबंध नाही.

थोडे दिवस द्या

चालता चालता गाडी बऱ्याच गोष्टी शिकते. पेट्रोल किती सोडायचं याची बारीक दुरुस्ती, थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) बैठक, बॅटरीचा अंदाज. कंट्रोल युनिटमध्ये नवा प्रोग्रॅम टाकला की यातलं बरंच शिकलेलं पुसलं जातं. ते परत बसेपर्यंत गाडी थोडी वेगळी वागते, इंजिन जास्त वेळा उठल्यासारखं वाटतं. स्क्रीनवरचं सरासरी ॲव्हरेजही शून्यापासून सुरू होतं, आणि पहिल्याच दिवशी राजारामपुरीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या तर तो आकडा वाईटच दिसणार. दोन टाक्या संपेपर्यंत निष्कर्ष काढू नका. "बॅटरीचं टर्मिनल काढून परत लाव, रिसेट होईल" हा सल्ला सगळीकडं मिळतो. कृपया तसं करू नका. गाडीनं जे शिकत आणलेलं असतं ते पुन्हा पुसलं जातं आणि तुमचे दिवस वाढतात.

खापर फुटतं ते भलत्यावर

अपडेट बहुतेक वेळा सर्व्हिसिंगमध्येच होतं. त्याच दिवशी टायर काढून घालतात, हवा बदलते, ऑइल बदलतं. हायब्रिडला कंपन्या बहुधा ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल सांगतात. त्याजागी जाड ऑइल पडलं तर थंड इंजिन जड फिरतं. बिलावर ग्रेड लिहिलेली असते, ती वाचा. जूनमध्ये सर्व्हिसिंग झालं असेल तर पाऊसही त्याच आठवड्यात लागतो. ओला रस्ता, काचेवरचं धुकं घालवायला सतत एसी, सगळं पेट्रोलच खातं.

पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांत बनतं, ऊस उत्पादकाच्या हातात त्यानं पैसा येतो, त्याला आमचा विरोध नाही. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. त्याचा दोष सॉफ्टवेअरला देता येत नाही.

घाटाचा हिशेब

कोकणात जाऊन आल्यावर येणाऱ्या तक्रारी वेगळ्याच असतात. आंबा किंवा करूळ घाट उतरताना ग्राहक बघतात की अर्ध्या वाटेतच बॅटरी फुल झाली, ब्रेक दाबला तरी पुढं चार्ज होईना, उलट इंजिन जोरात फिरायला लागलं. हा बिघाड नाही. माणसांसह दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली की साधारण दोन युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. ग्रँड व्हिटारा, हायरायडरच्या बॅटरीत पुरं एक युनिटही मावत नाही, आणि आयुष्य टिकावं म्हणून सॉफ्टवेअर त्यातलाही मधलाच भाग वापरू देतं. उरलेला जोर थोपवायला ते इंजिनाला फिरवतं. बऱ्याचदा तेव्हा पेट्रोल जळत नसतं, आवाज तेवढा येतो. अपडेटच्या आधी तुम्ही हायवेनं पुण्याला गेला होता आणि नंतर गगनबावड्याहून खाली उतरलात, तर त्या दोन आकड्यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही.

मोजायचं कसं

एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या कटला, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथं, थांबून टाकी भरा. राउंड फिगर करायला लावू नका. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी बरीच खाली आली की परत तिथंच पहिल्या कटपर्यंत भरा. ४५० किलोमीटरला २२.५ लिटर बसलं तर ॲव्हरेज २०. दहा लिटरवरच मोजलंत तर एका लिटरच्या फरकानं दहा टक्के चूक होते, तीस लिटरवर तीच चूक तीन टक्क्यांच्या आसपास राहते. रोजचा रस्ता, एसीची सवय आणि टायरची हवा तीच ठेवा.

शोरूमला काय विचाराल, आम्ही काय करतो

शोरूमला गाडी देताना जॉबकार्डवर लिहून घ्या: कुठल्या युनिटचं अपडेट, कशासाठी, आणि आधीचा व नंतरचा कॅलिब्रेशन आयडी. हा आयडी म्हणजे कंट्रोल युनिटमधल्या प्रोग्रॅमचा नंबर. तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अपडेट चालू असताना १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीला बाहेरून सप्लाय लावला का, हेही विचारा. मध्येच व्होल्टेज पडलं तर युनिट अर्धवट राहू शकतं.

आमच्याकडं कंपनीचं सॉफ्टवेअर भरलं जात नाही. "ॲव्हरेज वाढवून देतो" म्हणून कुणी प्रोग्रॅम बदलून देत असेल तर गाडी त्याच्या हातात देऊ नका. वॉरंटी जाईल, आणि बॅटरीची काळजी घेणाऱ्या मर्यादाच कुणी काढून टाकल्या तर खर्च लाखात जाईल. सर्व्हिसिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा गाडी आणलीत, तर आम्ही स्कॅनर लावून कॅलिब्रेशन आयडी, पेट्रोल सोडण्यातली बारीक दुरुस्ती आणि मोठ्या बॅटरीच्या ब्लॉकांचे (भागांचे) व्होल्टेज छापून देतो. तुमची दोन टाक्यांची पंपाची बिलं त्याला जोडा. अपडेटनंच ॲव्हरेज पडलंय असं त्यात दिसलं, तर शोरूमकडं लेखी तक्रार द्यायला हे कागद पुरेसे आहेत, आणि ती तक्रार लिहायला आम्ही मदत करू.