सह्याद्री गणितात कधी उभा राहतो?

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवरच्या सिन्नरला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही पडत नाही. जगाच्या हवामानाचं गणित मांडणारी मॉडेल्स पृथ्वीवर चौकटींचं जाळं टाकतात आणि प्रत्येक चौकटीसाठी हवेच्या प्रत्येक थरातलं तापमान, वारा, बाष्प यांचा एकेकच आकडा धरतात. चौकट शंभर किलोमीटरची असेल, तर इगतपुरी आणि सिन्नर एकाच चौकटीत जातात नि घाटाची उंची सरासरीत विरून जाते. अरबी समुद्राकडून आलेलं बाष्प अडवणारा डोंगरच गणितात नसेल, तर पर्जन्यछाया कुठून येणार?

म्हणून २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ नाशिकसाठी मला फार मोलाची वाटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेलं हे जागतिक मॉडेल ६ किलोमीटरच्या चौकटींवर चालतं. आधीचं १२ किलोमीटरचं होतं. चौकट निम्मी केली की काम दुप्पट होऊन थांबत नाही. लांबी-रुंदी मिळून चौकटी चौपट होतात, शिवाय वारा एका टप्प्यात चौकट ओलांडून जाऊ नये म्हणून वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. काम आठपट. त्यासाठी पुण्यात ‘अर्क’ हा महासंगणक आहे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा प्रश्न मात्र याहून बारीक आहे. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला की डाऊनी हा वेलीवरचा रोग पसरतो. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस तर निफाड भागात गारांनी बागा झोडपल्या. गारा घडवणारा ढगातला वर चढणारा झोत मोजक्या किलोमीटर रुंदीचा असतो, आणि कुठलीही गोष्ट मॉडेलमध्ये नीट उमटायला सलग अनेक चौकटी लागतात. म्हणजे ६ किलोमीटरवरही असा ढग अंदाजी सूत्रांच्याच भरवशावर राहतो. जपानी शास्त्रज्ञांनी ‘के’ महासंगणकावर ८७० मीटरच्या चौकटींनी अख्खी पृथ्वी चालवून पाहिली, पण ती काही तासांच्या हवामानापुरतीच. रोजच्या अंदाजाला ते अजून परवडणारं नाही.

शिवाय सुरुवातीच्या मोजणीत किंचित चूक असली, तरी चार दिवसांनी ढग भलत्याच तालुक्यावर जातो. म्हणून तेच गणित थोड्या वेगळ्या सुरुवातींनी पुन्हा पुन्हा चालवतात. पन्नासपैकी तीस वेळा पाऊस आला, तर शक्यता साधारण ६० टक्के. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ या ओळीपेक्षा बागायतदाराला हा आकडा कितीतरी उपयोगाचा आहे. फवारणी आज उरकायची की थांबायचं, हे तो त्यावरून ठरवू शकतो. तालुक्यागणिक हे आकडे मराठीतून त्याच्या मोबाइलवर रोज पोचायला हवेत.