कच्च्यात उतरणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे ठाण्यात सर्व्हिसिंगला येणाऱ्या मोटरसायकलींपैकी बऱ्याच गाड्या सुट्टीच्या दिवशी मुरबाड, शहापूर, बदलापूर नाहीतर कर्जतच्या बाजूला डांबर सोडून कच्च्यात उतरतात. (येऊर त्यात नाही. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे गाडी घालायची नसते.) एक्सपल्स, हिमालयन, केटीएम अ‍ॅडव्हेंचर आणि हौसेने सांभाळलेल्या दोन-चार जुन्या टू-स्ट्रोक. काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात भारी ऑइल कुठलं?" त्यावर आम्ही उलट विचारतो, की गाडी कुठे फिरवली, पाण्यात घातली का, क्लच किती वापरला. ग्राहकाला वाटतं, हे उत्तर टाळतायत. तसं नाही. महागडं ऑइल भरून ते वर्षभर ताणण्यापेक्षा बरोबर ग्रेडचं मध्यम किमतीचं ऑइल लवकर बदललेलं इंजिनाला जास्त मानवतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणं इथे दिली आहेत.

ट्रेलवर ऑइलचं काय होतं

कारमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. फोर-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये बहुतेक वेळा एकच ऑइल पिस्टनपाशीही जातं, गिअरच्या दात्यांतूनही फिरतं आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. हायवेवर याचा त्रास जाणवत नाही. समोरून वारा लागतो, क्लच पूर्ण सुटलेला असतो, इंजिन एका लयीत चालतं. दगडगोट्यांच्या चढावर मात्र पहिला-दुसरा गिअर, हाफ क्लच, आरपीएम चढलेला आणि वारा जवळजवळ नाहीच. प्लेटा एकमेकींवर घासतात, ती उष्णता थेट ऑइलमध्ये उतरते आणि प्लेटांची झीजही त्यातच मिसळते. अशा दिवसानंतर ऑइल काढलं की त्याला एक करपट वास येतो, तो क्लचचा.

दुसरं नुकसान गिअरकडून होतं. ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमर घातलेले असतात. गिअरचे दाते ते हळूहळू चिरडून तोडतात. म्हणजे डब्यावर ५० लिहिलेलं ऑइल काही काळाने त्या जाडीचं राहत नाही. रंगावरून हे कळत नाही. उलट लवकर काळं पडलेलं ऑइल वाईटच असतं असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

म्हणून कच्च्यात फिरणाऱ्या गाडीचा मीटर फसवा असतो. दिवसभर इंजिन चालून मीटरवर जेमतेम चाळीस किलोमीटर पडलेले असतात. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या डर्ट बाइकच्या पुस्तकात ऑइलची मुदत किलोमीटरऐवजी तासांत दिलेली असते, ती याचसाठी.

डब्यावर काय वाचायचं

१०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० यातला डब्ल्यूसोबतचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा आणि पुढचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं त्याचा. १०डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटेही पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली जातो. त्यामुळे १० की १५ यावर इथे डोकं शिणवू नका. लडाख-स्पितीला जाणार असाल तर वेगळी गोष्ट, निघण्यापूर्वी येऊन विचारा.

महत्त्वाचा आकडा दुसरा, आणि तो कंपनीच्या पुस्तकात असेल तोच. एक्सपल्स २०० ला १०डब्ल्यू-३०, हिमालयन ४११ ला १५डब्ल्यू-५०, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरलाही १५डब्ल्यू-५०. "एक्सपल्स ट्रेलवर तापते, जाड ऑइल टाकू का?" असं बरेच जण विचारतात. पुस्तकात हवामानाप्रमाणे दुसरी ग्रेड दिलेली असेल तर जरूर टाका. दिलेली नसेल तर ऑइल जाड करून उष्णता कमी होत नाही. ती कमी होते ऑइल कूलरच्या पट्ट्यांत बसलेला चिखल काढल्यावर, आणि हे काम ग्राहकांकडून हमखास राहून जातं.

यापेक्षा जास्त लक्ष द्यायची गोष्ट डब्याच्या मागे छोट्या चौकटीत असते: जासो एमए किंवा एमए२. जासो हे जपानी मानक आहे आणि क्लच ऑइलात बुडालेला असलेल्या गाड्यांना एमए गटातलंच ऑइल लागतं. एमए२ मध्ये प्लेटांची पकड एमए१ पेक्षा जास्त. हाफ क्लचवर गाडी चढवणाऱ्यांनी एमए२ घ्यावं, असं आम्ही सांगतो. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी, ते या गाड्यांत कधीच घालायचं नाही. कारचं ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ऑइल घरी उरलंय म्हणून टाकणारेही भेटतात. त्यात मायलेजसाठी घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात आणि मग क्लच सरकायला लागतो. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर वरच्या गिअरमध्ये पिकअप दिलात, आरपीएम उडाला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली, तर समजा क्लच सरकतोय. मग ऑइल चुकीचं असेल, नाहीतर प्लेटा संपल्या असतील.

एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची दर्जाची अक्षरं, म्हणजे एसएल, एसएन, एसपी वगैरे, पुस्तकात असतील ती किंवा त्यापुढची चालतात. मात्र वरची जासोची अट सोडून नाही.

मिनरल (खनिज तेलाचं), फुल सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) की सेमी (दोन्हींचं मिश्रण)? पुस्तक फुल सिंथेटिक मागत असेल तर दुसरा पर्याय नाही. जिथे मोकळीक आहे तिथे तुम्ही किती वेळा बदलणार, ते आधी सांगा. दर पावसाळ्यात चार-पाचदा नदीनाल्यांतून जाणाऱ्याला आम्ही स्वतःहून सेमी सिंथेटिक सुचवतो, कारण ते ऑइल तसंही लवकर काढावं लागणार. वरून घालायची "इंजिनची ताकद वाढवणारी" बाटली आम्ही विकत नाही.

कधी बदलायचं

पुस्तकात धूळ, चिखल, पाणी अशा कठीण वापराचा वेगळा उल्लेख बहुधा असतो. तो वाचलेला ग्राहक क्वचित भेटतो. आमचा ठोकताळा असा: महिन्यातून एकदा तरी ट्रेल करत असाल तर पुस्तकातल्या किलोमीटरच्या निम्म्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. गाडी फारशी चालली नसली तरी वर्षातून एकदा बदलाच. पावसाळ्यात ट्रेल केलेल्या गाडीचं ऑइल पाऊस संपल्यावर काढा. दसऱ्याला हार घालायच्या आधी उरकलंत तर बरं, कारण त्या आठवड्यात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

आणि एअर फिल्टर! उन्हाळ्यात बारवीच्या बाजूची लाल माती फिल्टरच्या कडेतून आत शिरली तर ती शेवटी ऑइलातच येते. काढलेल्या ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, फिल्टरची बैठक तपासायला हवी.

पाणी गेलं तर

गाडी प्रवाहात बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, प्लग उघडा, एअर बॉक्समधलं पाणी काढा, मग इंजिन फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर जाऊ द्या. त्यानंतर इंजिनावरच्या ज्या काचेतून ऑइल दिसतं ती बघा. ऑइल कटिंग चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. अशा ऑइलवर मुरबाडहून ठाण्यापर्यंत गाडी चालवत आणू नका, टेम्पोत टाका. टेम्पोचं भाडं बेअरिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.

अशा गाडीचं ऑइल आम्ही काढतो, त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरतो, इंजिन थोडा वेळ चालवतो आणि पुन्हा काढतो. पाणी क्लचच्या प्लेटांत आणि इंजिनातल्या वाटांत लपून राहतं, म्हणून एकदा करून पुरत नाही. कधी तीनदा करावं लागतं. नवा फिल्टर शेवटच्या खेपेला बसतो. बिलावर ऑइलचे जास्त डबे दिसले तर त्याचं कारण हे असतं.

लिक्विड कूल्ड गाडी पाण्यात घातलेलीच नाही, तरीही ऑइल दुधाळ झालंय आणि कूलंट कमी होतंय, असं असेल तर वॉटर पंपाच्या सीलचा संशय घ्या. मात्र पावसाळ्यात रोज ऑफिसपुरतीच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाला आतून थोडी साय धरते. ती दमटपणाची असते, घाबरू नका. एखादी लांब फेरी मारा.

ऑइल बदलताना

गाडी धुऊन आणा. बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक प्लेट) आणि चेंबरच्या (इंजिनाचा ऑइल साठणारा तळ) मधे चिखल वाळून दगड झालेला असतो, आणि ड्रेन बोल्ट सुटताना तोच आत पडतो. प्रेशरचा पाइप मात्र एअर बॉक्सच्या तोंडावर मारू नका.

आम्ही इंजिन चार-पाच मिनिटं चालवून कोमट करतो, गाडी सरळ उभी करतो आणि मग बोल्ट सोडतो. बोल्टाला चुंबक असेल तर त्यावर चिकटलेलं पांढऱ्या फडक्यावर पुसून तुम्हाला दाखवतो. राखाडी मलमासारखा बारीक थर म्हणजे नेहमीची झीज. नखाला टोचतील असे कण किंवा पापुद्रे निघाले तर आम्ही तिथेच थांबतो आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय नवं ऑइल भरत नाही. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत ऑइलला पेट्रोलचा वास येऊन पातळीही वाढलेली असेल, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल अडवणारा फ्लोट अडकून पेट्रोल खाली उतरतंय. आधी ते दुरुस्त करायचं.

घरी करणाऱ्यांना रोखायचं कारण नाही, पण तीन गोष्टींनी गाड्या आमच्याकडे परत येतात. बोल्ट अंगाच्या जोराने आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. वॉशर नवा घाला आणि पुस्तकातल्या टॉर्कवर (आवळण्याच्या मापावर) थांबा. फिल्टर उलटा बसला की ऑइलची वाट अडते. आणि जुनी ओ-रिंग झाकणाला चिकटलेली तशीच राहून वर नवी बसली की गळती सुरू.

डबा संपला म्हणजे ऑइल पुरेसं झालं असं नसतं. हिमालयन ४११ ला एक लिटरचा एक डबा पुरत नाही, लहान इंजिनात थोडं उरतं. भरल्यावर इंजिन दोन मिनिटं रेस न करता चालवा, बंद करा, ऑइल खाली उतरू द्या आणि गाडी सरळ धरून पातळी बघा. साइड स्टँडवर बघू नका. पातळी बघायला काचेऐवजी दांडी असेल तर ती आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते पुस्तकात पाहा. "ट्रेलला जातोय, थोडं जास्तच असू दे" हेही नको. जादा ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये जातं. कमी असेल तर उभ्या चढावर पंप हवा ओढतो. दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेकडे झुकतं ठेवा.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी

पेट्रोलमध्ये जळणारं टू-टी ऑइल वेगळं, त्याला जासो एफसी किंवा एफडी बघा. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, आणि क्लच त्यातच बुडालेला असल्याने तिथेही एमए गट लागतो. हे ऑइल थोडंच लागतं आणि त्याला बहुधा फिल्टर नसतो, तेव्हा बदलायला हात आखडू नका.

आमच्याकडच्या पद्धती

गाडी वॉरंटीत असेल तर ऑइल गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बदला आणि बिलं जपून ठेवा. आमचं एक गिऱ्हाईक कमी होईल, चालेल. स्वतःचं ऑइल आणलंत तरी आम्ही भरतो, डबा मात्र सीलबंद हवा. रिकाम्या डब्यांत भलतंच ऑइल भरून विकलं जातं, म्हणून प्रत्येक डबा आम्ही तुमच्यासमोर भोक पाडून टाकतो. डबा घरी हवा असेल तर तोही भोक पाडलेलाच मिळेल.

जुनं ऑइल सेंटरिंगच्या फळ्यांना किंवा चेनला लावायला कुणी मागितलं तरी आम्ही देत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. घरी बदललेलं ऑइल नाल्यात ओतू नका. इथले नाले खाडीला मिळतात, आणि ठाण्याच्या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत आहे. काढलेलं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून आमच्याकडे आणून द्या. ठेवून घेण्याचे पैसे लागत नाहीत. पाणी मिसळलेलं असेल तर डब्यावर तसं लिहा, ते आम्ही वेगळ्या पिंपात साठवतो.